टोळीची गाडी

झुंबर मुकादमाच्या पिकअपमधून मम्मी खाली उतरली तेव्हा मी ओट्यावर दात घासत होते. तोंडात फेस होता म्हणून काही बोलले नाही, नाहीतर बोलले असते. दहावीत गेल्यापासून मी कुणासमोर गप्प बसत नाही, हे आमच्या वर्गशिक्षिकाही सांगतील.

पिकअप रोज सकाळी आमच्या दारासमोरच थांबते. बाया डबे घेऊन मागे चढतात आणि झुंबर त्यांना कधी द्राक्षाच्या बागेत, कधी कांदे लावायला नेऊन सोडतो. गाडी त्याची, काम ठरवणारा तो, शेतकऱ्याशी बोलणारा तोच. त्या दिवशी शेजारच्या बयाआजीने फाळक्यावर एक पाय ठेवला आणि झुंबरने खिडकीतून मान बाहेर काढली.

“बयाबाई, तू राहू दे आता. घरी बस, नातवंडं खेळव.”

बयाआजीचा एक पाय वर, एक खाली. तिला चढता येईना आणि उतरताही येईना. “का रं बाबा?” ती म्हणाली.

“काल साऱ्या बाया वाफे संपवून बसल्या अन् तू अर्ध्यात. मालक मला बोलला. उक्तं काम हाय, रोजावर नाय, तुझ्यापायी सगळ्यांनी थांबायचं का?”

मम्मीने आधी डबा खाली टाकला, मग स्वतः उतरली, मग बयाआजीचा वरचा पाय दोन्ही हातांनी धरून जमिनीवर ठेवला. एखादं भांडं फळीवरून उतरवावं तसा.

“मग मी बी नाय येत,” ती म्हणाली.

“नको येऊ. तूच काढ की टोळी, जिजा. बघू तुला कोण काम देतं.”

असं म्हणून तो हसला. हसला नसता तर लंकाबाई उतरली नसती. लंकाबाई अंगाने थोराड, तिला चढायलाच दोघींचा हात लागतो. ती म्हणाली, “सरका गं, ह्या हसण्यात मला नाय बसायचं,” आणि उतरली. तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी. पिकअप अर्धी रिकामी गेली आणि आमच्या दारात बाया डबे पोटाशी धरून उभ्या राहिल्या. अजून नीट उजाडलंही नव्हतं.

“उतरलो तर लय तोऱ्यात,” लंकाबाई म्हणाली, “आता डबे इथंच खायचे का?”

टोळी काढायची म्हणजे बाया जमवल्या की झालं, असं मला वाटायचं. तसं नसतं. शेतकऱ्याचा फोन येतो, ‘रान बघून जा.’ जाऊन बघायचं, वाफे कसे ओढलेत, रोप केवढं झालंय, पाणी कधी सोडणार, आणि तिथल्या तिथे काम ठरवायचं. बायांना न्यायला शेतकरी ट्रॅक्टर पाठवतो, पण ठरवायला आधी माणूस जायला लागतो. मम्मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी राहायची आणि पोचेपर्यंत दुसरी टोळी ठरलेली असायची. पौष तोंडावर आलेला, उन्हाळ कांद्याचं रोप वाढत चाललेलं. रोप कुणासाठी थांबत नाही.

पप्पा लासलगावला एका व्यापाऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहेत. पहाटे जातात ते अंगाला कांद्याचा वास घेऊन अंधार पडल्यावर येतात. तेच म्हणाले, “एक जुनी मोटारसायकल बघू. पण चालवायची तुला. मी काय सुट्टी काढून तुझा ड्रायव्हर होणार नाय.”

मम्मी हसेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “शिकव मग.”

बायांची भिशी होती आणि त्या वेळचा नंबर बयाआजीचा. तिने तो मम्मीला दिला. “दात बसवणार होते,” ती म्हणाली. “आता कालवून खाते. गाडी घे.”

सायखेड्याला गोरक्षकाका म्हणून निवृत्त पोस्टमन आहेत, त्यांच्याकडे शंभर सीसीची जुनी गाडी होती. मी आदल्या दिवशी मोबाइलवर जुनी गाडी कशी पारखायची याचे सगळे व्हिडिओ बघून ठेवले होते आणि काय काय विचारायचं ते पाठ केलं होतं.

“काका, आज सकाळपासून सुरू केली नाही ना? इंजिन गार पाहिजे.”

“हात लावून बघ.”

मी लावला. गार होतं. मग सायलेन्सरमागे माझा पांढरा रुमाल धरला, धूर निळा आहे का बघितलं. पुढचं चाक उचलून हलवलं. साखळीला बोटाने ढील बघितली. आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघायला खाली वाकले तेव्हा पप्पांनी माझी वेणी हळूच ओढली.

“बास की. काका काय चोर हाय का?”

“बघू द्या,” गोरक्षकाका पप्पांना म्हणाले. “हिला आरटीओत घाला, सोमनाथ. एक गाडी सुटायची नाय.”

मी हे वाक्य अजून सगळ्यांना सांगते.

काकांनी मम्मीला चोक दाखवला, पेट्रोलचा कॉक दाखवला, किक मारताना पाय सैल ठेव म्हणाले. मग खांद्यावरच्या टॉवेलने सीट पुसली, टाकी पुसली आणि आम्ही निघायच्या आधीच घरात गेले. काकू दारात उभ्या होत्या. “त्यांना बघवणार नाय,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पूजेला सगळ्या टोळीतल्या बाया आल्या. गाडी ओट्याला लावलेली, मम्मीने तांब्या आणि हळदीकुंकवाची कोयरी आणली, आणि लंकाबाईने विचारलं, “हिचं कपाळ कुठं?”

पप्पा म्हणाले, पुढच्या दिव्याला लावा. लंकाबाई म्हणाली, तो तर डोळा. मग टाकीवरचं झाकण सगळ्यांना पसंत पडलं. गोल, चकचकीत, बरोबर मध्ये. एकेकीने येऊन हळद लावली, कुंकू लावलं. प्रत्येकीला वाटत होतं आपलं कुंकू नीट उठून दिसावं, कारण गाडी सगळ्यांची होती. बयाआजी शेवटी आली. तिने बोट तांब्यात बुडवलं आणि कुंकू चांगलं कालवून थापलं.

“ओलं असलं की टिकतं,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून मम्मी रोज सकाळी आंघोळ करून आली की आधी देवाला, मग झाकणाला कुंकू लावायची. झाकणाच्या कुलपात किल्ली जड फिरायला लागली तेव्हा तिने त्यात खोबरेल तेल सोडलं. मला तेव्हा ते हुशारीचंच वाटलं होतं.

शिकायची सुरुवात खळ्यावर झाली. साडीवर पप्पांचा जुना शर्ट, पदर कमरेला खोचलेला. पप्पा मागून कॅरिअर धरून पळायचे आणि मी बाजूने पळत “क्लच, क्लच” म्हणायचे. पहिल्या दिवशी ती गाडी कडब्याच्या गंजीत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला, पुरीएवढा फोड. मी कोरफड चिरून लावली, तर ती म्हणाली, “हळू फुंक, शाळेत फळ्यावरची धूळ नाय उडवायची.” आठवडाभरात ती गावातून फाट्यापर्यंत जायला लागली. लर्निंग लायसनही काढून आणलं. आणि मग नेमकी चहाच्या टपरीसमोर, सगळी माणसं बसलेली असताना, खड्डा चुकवायला गेली आणि आडवी झाली.

कुणी उठलं नाही. एकजण म्हणाला, “जिजा, बैल नाय ते. हो-हो म्हणून थांबत नसतं.”

सगळे हसले. मम्मीने आधी साडी गुडघ्यावरून खाली ओढली, मग गाडीला हात घातला. गाडी जड. दोनदा अर्धी उचलून खाली ठेवली. मी शाळेतून येत होते, दप्तरासकट पळाले आणि आम्ही दोघींनी उभी केली. तिच्या तळहाताला खडी रुतली होती. ती टपरीकडे तोंड करून म्हणाली, “चहा संपला का तुमचा? निवल तो.” मग किक मारली.

गाडीचं दुखणं त्याच्यानंतर सुरू झालं.

सुरू होताना एका किकेत व्हायची, फाट्यापर्यंत सुरळीत जायची. त्याच्यापुढे थोडं गेलं की आधी झटके द्यायची, मग आवाज बारीक व्हायचा आणि बंद. मम्मीला वाटायचं पेट्रोल संपलं. ती झाकण उघडून आत बघायची, गाडी हलवायची, आत पेट्रोल डचमळत असायचं. झाकण लावून किक मारली की गाडी पुन्हा जाग्यावर. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद. अशी थांबत थांबत ती दोन ठिकाणी पोचली आणि दोन्हीकडची कामं गेलेली होती.

गॅरेजवाल्या अमोलने प्लग साफ केला. मग प्लग बदलला. मग कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतला आणि म्हणाला, आता पळवा. फाट्याच्या पुढे ती बंद पडली. शेवटी त्याने इंजिनावर हात ठेवला, काढून घेतला आणि मान हलवली.

“तापतंय, मावशी. थांबली की गार होतं, गार झालं की चालू होतं. इंजिन खोलावं लागंल.”

“व्हिडिओतही असंच सांगतात,” मी म्हणाले. म्हणजे त्या चुकीत माझाही वाटा आहे, पण तेव्हा मला ते अगदी पटलं होतं.

मम्मी घरी आली, पाणीसुद्धा न पिता गोरक्षकाकांना फोन लावला. “काका, बाईमाणूस बघून गळ्यात मारली का गाडी?”

मी शेजारी बसून ऐकत होते.  काका म्हणाले, “आणून दे, पोरी. मी परत घेतो.” बस. एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. मम्मी फोन ठेवून भाकरीचं पीठ असं काही मळायला लागली की परात सरकत सरकत भिंतीला जाऊन लागली.

टोळीतल्या दोघी परत झुंबरच्या पिकअपमध्ये बसायला लागल्या. त्यांना कोण काय बोलणार, घरात बसून कसं चालेल? शनिवारी लंकाबाई आली आणि ओट्याच्या कडेला टेकली, नेहमीसारखी ऐसपैस बसली नाही.

“जिजाताई, माझ्याबी घरात खाणारी तोंडं हायेत गं.”

“जा,” मम्मी म्हणाली. “मी रागावले का?”

“रागाव की मग. म्हणजे मला जायला सोपं होईल.”

त्याच संध्याकाळी शेखरअण्णांचा फोन आला. लासलगाव रस्त्याला त्यांचं मोठं रान आहे, द्राक्षाची बाग तोडून तिथे यंदा सगळा कांदाच. एकदा ते काम मिळालं की आठ बायांना पंधरा-वीस दिवस बघायला नको. अण्णा म्हणाले, “सकाळी लवकर ये. झुंबरबी येणार हाय. दोघांशी बोलून ठरवतो.”

फोन ठेवल्यावर मम्मी पप्पांना म्हणाली, “हे गेलं तर टोळी मोडली. बाकीच्यांना झुंबर घेईल. हसंल, पण घेईल. बयाआत्याला नाय घेणार.”

पप्पा म्हणाले, “गाडी दम धरंल का?”

“थांबत थांबत का होईना जाईन. लवकर निघते.”

“मी पण येते,” मी म्हणाले. रविवार होता, आणि ढकलायला कुणीतरी पाहिजेच होतं.

धुकं इतकं होतं की गोदावरीचा पूल आहे हे खालून येणाऱ्या गारव्याने कळत होतं. मम्मीने स्वेटरवर पप्पांचा शर्ट घातला होता आणि डोक्याला मफलर. मी तिच्या पाठीला गाल लावून बसले होते. फाटा गेला. आता झटका बसेल, आता बसेल असं मी मनात म्हणत होते आणि ऊसाच्या एका रानाजवळ तो बसलाच. गाडी दोनदा खोकली आणि बंद.

मम्मीने किल्ली काढून झाकण उघडलं, आत बघितलं, लावलं, किक मारली. सुरू. पुढे पुन्हा बंद. पुन्हा झाकण, पुन्हा किक. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ती झाकण उघडेना. गाडीला टेकून उभी राहिली. “गार होऊ दे,” म्हणाली. “घाई केली तर इंजिन जाईल.” आम्ही थांबलो. धुकं विरळ झालं, ऊसाची पानं दिसायला लागली. इंजिन चांगलं गार झालं, मी हात लावून बघितला. तिने किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. किक मारून मारून तिच्या पोटरीवरच्या चटक्याची खपली निघाली आणि रक्त घोट्यापर्यंत ओघळलं.

मागून पिकअप आली. झुंबरने वेग कमी केला. मागे बायांमध्ये लंकाबाई बसली होती. आम्हाला बघून तिने पदर नाकापर्यंत ओढून घेतला. तेवढ्या पदरामागे ती मावत नव्हती.

“दोर हाय माझ्याकडं,” झुंबर म्हणाला. “बांधून ओढत नेतो. अण्णांच्या दारात नेऊन सोडतो तुला.”

“तू जा पुढं,” मम्मी म्हणाली.

“अगं चेष्टा नाय करत.”

“मी बी नाय करत. जा.”

पिकअप धुक्यात गेली. मम्मी रस्त्याच्या कडेला बसली. ती रडत नव्हती, पोटरी पुसत होती, पण मला ते बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी किल्ली घेतली आणि झाकण उघडलं.

फुस्स झालं.

बारीकसा आवाज, सोड्याची बाटली शिळी झाल्यावर येतो तेवढा. रोज व्हायचा तो. मी किती वेळा ऐकला असेल. पण त्या दिवशी रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं आणि तो नीट कानात गेला.

“मम्मी, किक मार.”

“दमले गं.”

“मार ना एक.”

तिने मारली. गाडी सुरू झाली.

 “इंजिन तर मघाशीच गार होतं,” मी म्हणाले. “तेव्हा नाही झाली. झाकण उघडलं की होते. दर वेळी झाकण उघडल्यावरच झालीये, आठव. झाकण उघडलं की हवा आत ओढते ती.”

मम्मीने झाकण माझ्या हातातून घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. वर कुलपाच्या भोवती हळद, कुंकू आणि खोबरेल तेल यांचा थर बसून तो लाखेसारखा झाला होता.

“तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नाय येत,” ती हळूच म्हणाली. “दुसरं पाडावं लागतं. हवेला.”

“हिलाही असेल.”

“आन् आपण सगळ्यांनी मिळून ते लिंपलं.”

तिने पदराची पिन काढली आणि कोरायला लागली. वरचा थर खपलीसारखा निघाला. खाली कुलपाच्या कडेला एक भोक होतं, मोहरीएवढं. त्यातून पिन आरपार गेली तेव्हा तिने झाकण तोंडाला लावून फुंकलं. ओठ लाल झाले. एवढ्या वेळात पहिल्यांदा ती हसली आणि हसता हसता म्हणाली, “बयाआत्याला सांगायचं नाय हां. जिवाला लावून घेईल.”

मी नाही सांगितलं. इथे लिहिलंय, पण बयाआजीला वाचता येत नाही.

तिथून गाडी एकदाही थांबली नाही. मी मागे बसून मोठमोठ्याने गाणं म्हणत होते आणि मम्मी मला गप्प बस म्हणत नव्हती.

पण उशीर झाला तो झालाच. शेखरअण्णा अंगणात खुर्चीवर होते, झुंबर समोर बसून बशीतून चहा पीत होता. अण्णांनी आम्हाला बसायला सांगितलं.

“झुंबरला शब्द दिला मी, जिजाबाई. मी तुला लवकर ये म्हणलो होतो.”

“गाडी अडली होती, अण्णा.”

“असू दे. अर्धं रान तुला देतो, रान लय हाय. एका टोळीनं उरकायचं नाय.” त्यांनी आत वळून आमच्यासाठी चहा सांगितला. “पण ती म्हातारी तुझ्यात हाय म्हणं. ती नको. माझ्याकडं पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, मागं राहून चालत नाय.”

झुंबर बशीत बघत होता. मी मम्मीकडे बघितलं. मला खरं सांगायचं तर एक क्षण वाटलं, हो म्हणावं. अर्धं रान म्हणजे आठ जणींतल्या सात जणींना काम. मम्मीलाही वाटलं असेल, कारण तिने मफलरची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“ती हाय,” मम्मी म्हणाली. “ती राहील.”

“विचार कर.”

“केला, अण्णा. चहा नको, निघते.”

गाडी एका किकेत सुरू झाली. एरवी मी खूश झाले असते. पण हातातलं काम गेलं होतं आणि नीट चालणारी गाडी घेऊन आम्ही रिकाम्या परत चाललो होतो.  एका वळणावर मम्मीने गाडी अचानक थांबवली. मला वाटलं पुन्हा बिघडली.

ती रस्त्याच्या खाली बघत होती. तिथे विहिरीजवळ छोटंसं रान होतं, असतील वीस-पंचवीस गुंठे, आणि कोपऱ्यात रोप चांगलं वीतभर वर आलेलं. एक माणूस आणि त्याची बायको दोघंच वाफ्यात बसून कांदे लावत होती. नुसतं बघूनच कळत होतं की त्यांचं रान पुरं होईपर्यंत रोप जून होऊन जाणार.

मम्मीने तिथूनच हाक मारली. “दादा, टोळी नाय मिळाली का?”

“एवढ्याशा रानाला कोण येतं, ताई?” तो माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “मुकादमाला एकराच्या खाली परवडत नाय म्हणं. पिकअपचं डिझेल निघत नाय.”

“मी आले तर?”

त्याने गाडीकडे बघितलं, मम्मीच्या शर्टाकडे बघितलं, तिच्या लाल ओठांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “बाया कशात आणशील?”

“ते माझं मी बघते.”

दुपार टळेपर्यंत आम्ही असे गाडीवाटेने, बांधाने, पाटाच्या कडेने फिरलो. जिथे पिकअप जात नाही तिथे गेलो. कुठे दहा गुंठे, कुठे अर्धा एकर. एकीकडे कुत्रं मागे लागलं, एकीकडे एका आजीने आम्हाला शेंगा दिल्या. घरी पोचलो तेव्हा टोळीला महिनाभराचं काम होतं, तुकड्या तुकड्यांनी.

मम्मीने ओट्यावर बसून गोरक्षकाकांना फोन लावला. “काका, गाडी चांगली हाय. चूक माझीच होती,” म्हणाली आणि सगळं सांगितलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, “अगं, मी इतकी वर्षं चाकाला कुंकू लावलं.” मम्मी म्हणाली, “मी तुम्हाला बोलले ते...” तर काका म्हणाले, “ते राहू दे. गाडीची साखळी घट्ट कर, सैल झाली असंल.”

पहिलं काम विहिरीजवळच्या त्याच रानात. मम्मी उजाडायच्या आधीपासून फेऱ्या मारत होती. एका फेरीत दोघी, मध्ये डब्यांची पिशवी. लंकाबाई मात्र एकटीच मावली. ती आदल्या संध्याकाळी आली होती आणि म्हणाली होती, “झुंबरच्या पिकअपमध्ये मला ऊन लागतं.” मम्मी म्हणाली, “उद्या हवा जास्त भरून घेते मागच्या चाकात.”

बयाआजी गाडीवर कधीच बसलेली नव्हती. तिने चपला काढून हातात घेतल्या.

“चपला घाल की गं, आत्या.”

“घाण होईल तुझी गाडी.”

“तुझीच हाय.”

ती एका अंगाला पाय सोडून बसली आणि मम्मीच्या पोटाला असा विळखा घातला की मम्मी म्हणाली, श्वास तरी घेऊ दे. फाट्यावर झुंबरची पिकअप उभी होती. मी मागून सायकलवर येत होते, म्हणून सगळं ऐकलं. शाळा अकराला, तोवर मी एक वाफा लावणारच होते.

“अशा किती फेऱ्या मारशील, जिजा?” झुंबरने विचारलं. चेष्टेत नाही, खरंच विचारलं.

“बाया संपेपर्यंत,” मम्मी म्हणाली.

वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखल इतका गार की बोटं आधी दुखली आणि मग कळेनाशी झाली. कांदा लावताना तोंड लावलेल्या रोपाकडे ठेवायचं आणि उकिडवं बसून मागे मागे सरकत जायचं. सगळ्याजणी सरकत सरकत लांब गेल्या, नुसतं बोलणं ऐकू येत होतं. बयाआजी तिच्या वाफ्यात अर्ध्यालाही आली नव्हती. ती रोप रोवायची, बोटाने माती दाबायची, परत एकदा दाबायची. शेतकऱ्याची बायको बांधावरून बघत होती. बयाआजीनेही ते बघितलं होतं, कारण तिची मान आणखी खाली गेली.

मम्मीचा वाफा संपला. तिने हात झटकले, पाठ सरळ केली. मला वाटलं पाणी प्यायला जाईल. ती बांधाने चालत बयाआजीच्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिच्याकडे पाठ करून बसली आणि तिथून कांदे लावत मागे सरकायला लागली. लंकाबाईने बघितलं. ती उठली आणि माझ्या वाफ्याच्या टोकाला जाऊन बसली, “तुझीबी शाळा भरंल आता,” म्हणत.

उन्हं अंगावर आली. मम्मी आणि बयाआजी, एक इकडून, एक तिकडून, एकमेकींना न बघता सरकत होत्या. मधली मोकळी माती कमी कमी होत गेली. मग वाफ्याच्या मध्यावर दोघींच्या पाठी एकमेकींना टेकल्या.

बयाआजीचे हात थांबले. तिने मागे वळून बघितलं नाही.

“कोण गं?” तिने विचारलं.

“मीच,” मम्मी म्हणाली. “ऊठ आत्या, झाला आपला वाफा.”